स्मृतिभ्रंश: संशोधन प्रयोगशाळेतून घरापर्यंत कसे पोहोचते

घरातल्या वयस्क माणसाने एकच प्रश्न तासाभरात तीनदा विचारला, तर बहुतेक कुटुंबांत ‘आता वय झाले’ असे म्हणून विषय तिथेच मिटवला जातो. चष्मा कुठे ठेवला हे न आठवणे किंवा ओळखीच्या माणसाचे नाव ऐन वेळी न सुचणे हे वयाबरोबर होतेच, आणि थोड्या वेळाने ते आठवतेही. स्मृतिभ्रंशात, म्हणजे डॉक्टर ज्याला डिमेन्शिया म्हणतात त्या अवस्थेत, घडते ते याहून वेगळे असते. आयुष्यभर रोज केलेला चहा करताना पाणी, साखर, पत्ती, दूध यांचा क्रम सुटतो, कित्येक वर्षे राहिलेल्या गल्लीत स्वतःचे घर सापडत नाही, आणि दुधाचा हिशेब, पेन्शनचे पासबुक, गोळ्यांच्या वेळा असे व्यवहार एकेक करून हातातून निसटू लागतात. त्यामुळे किती विसरले यापेक्षा रोजचे जगणे स्वतःच्या बळावर निभावता येते का, हा प्रश्न निदान करताना अधिक महत्त्वाचा ठरतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ५ कोटी ७० लाख लोक या अवस्थेत होते. भारतातील ज्येष्ठ नागरिकांच्या देशव्यापी पाहणीवर आधारलेला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज सांगतो की साठीपुढच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आढळले. यांतल्या बहुसंख्य कुटुंबांना आपल्या घरात आहे तो आजार आहे, हेच कोणी सांगितलेले नसते.

स्मृतिभ्रंश हा एकच आजार नाही. अनेक आजारांमुळे मेंदूची अशी अवस्था होऊ शकते आणि त्यांपैकी अल्झायमरचा वाटा साधारण ६० ते ७० टक्के असतो. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांचे विकार, लुई बॉडी नावाने ओळखला जाणारा प्रकार, आणि स्मरणशक्तीच्या आधी स्वभाव व भाषा बिघडवणारा कपाळामागील भागाचा प्रकार, हे इतर प्रमुख प्रकार होत. वयस्कांच्या मेंदूत यांतले दोन-तीन प्रकार एकत्र असणे हे अपवादात्मक नसते. याशिवाय स्मृतिभ्रंशासारखी दिसणारी पण उपचारांनी पुष्कळ सुधारू शकणारी काही कारणेही आहेत. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता (शाकाहारी घरांत ती सर्रास आढळते), थायरॉइडचे काम मंदावणे, उतारवयातले नैराश्य, पडल्यानंतर कवटीच्या आत हळूहळू साचलेले रक्त, किंवा झोपेच्या आणि इतर काही गोळ्यांचा परिणाम ही ती कारणे. केवळ ही शक्यता तपासून पाहण्यासाठी तरी पहिल्या लक्षणांनंतर डॉक्टरांकडे जायलाच हवे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण विसरभोळेपणाला ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून दिल्यामुळे बरा होऊ शकणारा माणूसही उपचारांवाचून राहतो.

अल्झायमरच्या संशोधनाची सुरुवात एका रुग्ण स्त्रीपासून झाली. १९०१ मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली आणि डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिच्याशी झालेल्या संभाषणांच्या तपशीलवार नोंदी ठेवल्या. १९०६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा पेशींच्या बाहेर साचलेल्या चकत्या आणि पेशींच्या आत पिळलेल्या तंतूंचे गुंते त्यांना दिसले. या चकत्या अमायलॉइड बीटा नावाच्या प्रथिनाच्या असतात आणि गुंते टाऊ नावाच्या प्रथिनाचे असतात, हे कळायला पुढे आणखी पाऊणशे वर्षे जावी लागली. आता हेही माहीत झाले आहे की अमायलॉइड साचण्याची प्रक्रिया लक्षणे दिसण्याच्या १५ ते २० वर्षे आधीच सुरू झालेली असते. सत्तरीत विसरू लागलेल्या माणसाच्या मेंदूत आजाराने पन्नाशीतच पाय रोवलेले असतात, आणि म्हणूनच आजार उशिरा ओळखला गेला की औषधाच्या हाती फारसे काही उरत नाही.

डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन आणि मेमँटिन ही औषधे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढच्या काही वर्षांत आली. ती काही रुग्णांत लक्षणे थोडी सौम्य करतात, पण आजाराची वाटचाल थांबवत नाहीत. मेंदूतील अमायलॉइडच काढून टाकणारे लेकॅनेमॅब हे औषध अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळवून आले आणि पाठोपाठ २०२४ मध्ये डोनानेमॅबला मान्यता मिळाली. याविषयीच्या बातम्यांत लेकॅनेमॅबने आजार २७ टक्के मंदावला, असे वाचायला मिळते. या आकड्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. १,७९५ लोकांच्या चाचणीत १८ महिन्यांनंतर औषध घेणारे आणि न घेणारे असे दोन्ही गट घसरलेच, फक्त औषध घेणाऱ्यांची घसरण १८ गुणांच्या मोजपट्टीवर ०.४५ गुणांनी कमी होती. हे औषध सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी शिरेतून द्यावे लागते, ते केवळ सुरुवातीच्या अवस्थेतील रुग्णांसाठी आहे, त्याआधी मेंदूत अमायलॉइड असल्याची खात्री करावी लागते, आणि मेंदूला सूज येणे किंवा सूक्ष्म रक्तस्राव होणे या धोक्यांसाठी पुन्हा पुन्हा एमआरआय काढावे लागतात.

तरीही ही प्रगती खरी आहे, असे माझे मत आहे. मेंदूतील एक ठरावीक घटक काढला की आजाराचा वेग बदलतो, हे माणसांवर पहिल्यांदाच एवढ्या स्पष्टपणे दिसले, आणि पुढची औषधे याच पायावर उभी राहतील. याहूनही आपल्या देशाला अधिक उपयोगी पडेल अशी घडामोड मात्र रक्ततपासणीची आहे. आजवर अमायलॉइडची खात्री करायची तर मेंदूचे महागडे पीईटी (पेट) स्कॅन करावे लागत किंवा पाठीच्या कण्यातून पाणी काढावे लागे. आता रक्तातील पी-टाऊ २१७ या प्रथिनाच्या मोजमापातून बराच विश्वासार्ह अंदाज बांधता येतो, आणि अशा एका रक्तचाचणीला अमेरिकेच्या औषध नियामकाने मे २०२५ मध्ये मंजुरी दिली. अर्थात ही चाचणी लक्षणे असलेल्या माणसाच्या निदानासाठी, तज्ज्ञांच्या तपासणीच्या जोडीने करायची आहे. काहीच त्रास नसताना हौसेने करून घेण्याची ती तपासणी नव्हे.

संशोधनाचा विचार करताना ते कोणावर झाले आहे, हा प्रश्न विचारावाच लागतो. १९९८ मध्ये कोचीन येथे भरलेल्या एका परिषदेतून काही संशोधकांचा जो गट उभा राहिला, त्याने आपल्या नावातच हा प्रश्न मांडला. स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत राहतात आणि त्यांच्यावर १० टक्क्यांहूनही कमी संशोधन होते, म्हणून त्या गटाचे नाव टेन-सिक्स्टीसिक्स. आपल्याकडच्या माणसांवर संशोधन का व्हायला हवे, हे निदानाच्या चाचणीकडे पाहिले तरी लगेच समजते. १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झालेली ३० गुणांची एक चाचणी जगभर वापरली जाते. तिच्यात आजची तारीख सांगा, १०० मधून सात-सात वजा करत जा, कागदावरची सूचना वाचून तसे करा, एक वाक्य लिहा, दिलेली आकृती काढा, असे प्रश्न असतात. शाळेची पायरी न चढलेल्या आणि पेन्सिल कधी हाती न धरलेल्या आजीला ही चाचणी दिली, तर तिची स्मरणशक्ती उत्तम असूनही ती नापास होणार. याउलट निवृत्त प्राध्यापकांची बुद्धी बरीच घसरलेली असली, तरी शिक्षणाच्या जुन्या शिदोरीवर ते त्याच चाचणीत सहज उत्तीर्ण होतील.

हरियाणातील बल्लभगड परिसरात १९९० च्या दशकात झालेल्या भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासात या चाचणीचे निरक्षर ज्येष्ठांसाठी हिंदी रूप तयार करण्यात आले. त्यात आठवड्याचे वार उलट्या क्रमाने सांगायला लावतात, आणि कागदावर ‘डोळे मिटा’ असे वाचायला देण्याऐवजी तपासणारा स्वतः डोळे मिटून दाखवतो आणि ‘माझ्याकडे बघा आणि मी करतो तसेच करा’ असे म्हणतो. बाहेरून पाहणाऱ्याला हा बदल किरकोळ वाटेल, पण निरक्षर माणसाचे योग्य निदान अशाच बदलांमुळे शक्य होते. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या भाषांत तपासण्यांचा एक समान संच तयार करवून घेतला. अशा कामाची बातमी होत नाही, तरीही मी त्याला नव्या औषधाच्या बरोबरीचे मानतो.

भारतातल्या परिस्थितीतून जगाला नवे ज्ञान मिळाल्याचेही एक ठळक उदाहरण आहे. तेव्हा हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये असलेल्या डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे त्यांना आढळले, आणि शाळेत न गेलेल्यांतही हा फरक दिसला. पाश्चात्त्य देशांतील अशा अभ्यासांत एक अडचण असे, ती म्हणजे तिथे दुसरी भाषा बोलणारे बहुधा स्थलांतरित तरी असत किंवा अधिक शिकलेले तरी, त्यामुळे फरक नेमका कशाचा हे कळत नसे. तेलुगू, उर्दू, हिंदी सहजपणे बोलणाऱ्या हैदराबादेत ही अडचण बरीच कमी झाली. मात्र हा अभ्यास रुग्णालयात आलेल्या लोकांचा होता, त्यामुळे उतारवयात नवी भाषा शिकली की आजार टळतो, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

निरोगी माणसांना अनेक वर्षे तपासत राहणारे अभ्यास तर याहून जास्त गरजेचे आहेत, कारण आजाराची सुरुवात लक्षणांच्या कितीतरी आधी होते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील मेंदू संशोधन केंद्राने कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्यात ४५ वर्षांवरील १०,००० ग्रामस्थांचा असा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आहे. त्याच शहरातील निम्हान्स या मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेत १९९५ पासून मेंदूपेढी आहे. कोणत्या रुग्णाला नेमका कोणता प्रकार झाला होता याची अंतिम खात्री आजही मृत्यूनंतर मेंदूच्या ऊती तपासूनच होते, आणि त्यासाठी मेंदूदान करणारी कुटुंबे लागतात. नेत्रदान आणि देहदान यांविषयी महाराष्ट्रात जेवढे बोलले जाते, त्याच्या दशांशानेही मेंदूदानाविषयी बोलले जात नाही.

आजार टाळण्याविषयी थोडक्यात सांगतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगे १४ धोके सांगितले. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, अति मद्यपान, वाढलेले एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, बालपणीचे अपुरे शिक्षण, डोक्याला मार, हवेचे प्रदूषण, एकटेपणा आणि दुर्लक्षित राहिलेली कमी श्रवणशक्ती व दृष्टी यांचा समावेश आहे. हे सगळे धोके दूर झाले तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो, असा त्यांचा हिशेब आहे. हा हिशेब संपूर्ण समाजाचा आहे. तो एखाद्या रुग्णाला लावून ‘यांनी व्यायाम केला नाही म्हणून झाले’ असे बोलणे चुकीचे आहे आणि निष्ठुरपणाचेही आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आपल्याकडे आता रुळली आहे, पण कमी ऐकू येणाऱ्या आजोबांना यंत्र घेऊन देण्याऐवजी घरातले लोक नुसते मोठ्याने बोलू लागतात आणि नंतर बोलणेच कमी करतात. या बाबतीत प्रत्येक घर आजच काहीतरी करू शकते.

औषधे आणि चाचण्या यांची वाट पाहत असताना या ८८ लाखांपैकी कितीतरी लोकांना रोज कोणीतरी अंघोळ घालत असते आणि भरवत असते. रात्री उठून दाराची कडी पुन्हा तपासणारेही कोणीतरी असते, आणि बहुतेक वेळा ती बायको, सून किंवा मुलगी असते. या माणसाला मदत केली तर काय घडते, हे तपासणारा भारतातील एक फार मोलाचा अभ्यास गोव्यात झाला. त्याआधी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोव्यातील एका पाहणीत असे दिसले होते की स्मृतिभ्रंशाची लक्षणे लोकांना चांगली माहीत होती, पण लोक ती आजाराची लक्षणे मानत नव्हते. कोणाला ते वाढत्या वयाचे लक्षण वाटे, तर कोणाला मुलांनी केलेल्या दुर्लक्षाचे फळ. दिवसरात्र राबणाऱ्या सुनेवरच मग शेजारीपाजारी ‘नीट बघत नाही’ असा ठपका ठेवत.

डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी गोव्यातील दोन तालुक्यांत ८१ कुटुंबे निवडली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. एका गटाला लगेच मदत दिली गेली आणि दुसऱ्याला सहा महिन्यांनंतर. मदत करणारे लोक डॉक्टर किंवा परिचारिका नव्हते. स्थानिक भाषा जाणणाऱ्या, साधारण बारावीपर्यंत शिकलेल्या आणि या कामाची ओढ असलेल्या माणसांना आठवडाभराचे प्रशिक्षण देऊन गृहशुश्रूषा सल्लागार म्हणून तयार केले होते. ते किमान पंधरा दिवसांतून एकदा घरी जात, हा आजार काय आहे हे समजावत, वागण्यातल्या अडचणींवर काय करावे ते सुचवत, त्याच अवस्थेतून जाणाऱ्या इतर कुटुंबांशी गाठ घालून देत आणि सरकारी योजनांची माहिती देत. मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाला एकदा पाहून गरज असेल तरच औषध देत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की काळजी घेणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य लक्षणीयरीत्या सुधारले आणि रुग्णाच्या वागण्यामुळे होणारा त्यांचा मनस्ताप कमी झाला. रुग्णांच्या वागण्यात आणि क्षमतेतही किंचित फरक दिसला, पण तो योगायोग नाही असे आकडेवारीने म्हणण्याइतका मोठा नव्हता.

सल्लागार घरी जाऊन सुचवतात अशा गोष्टी अगदी साध्या वाटतात, पण प्रत्येकीमागे मेंदूचे शास्त्र असते. ‘माझे पाकीट सुनेने चोरले’ असे सासू म्हणते, तेव्हा तिने ते स्वतः कुठे ठेवले याची आठवण मेंदूत उमटलेलीच नसते, त्यामुळे मिळालेल्या माहितीवरून तिने काढलेला निष्कर्ष तिच्यापुरता तर्काला धरूनच असतो. वाद घालून ती आठवण निर्माण होणार नाही, उलट वादाने आलेला राग मात्र प्रसंग विसरल्यावरही तिच्या मनात रेंगाळतो, म्हणून तिच्याबरोबर पाकीट शोधायला लागणे हाच उपाय. संध्याकाळी गोंधळ वाढतो, तेव्हा तिन्हीसांजेच्या आधीच दिवे लावले आणि टीव्हीचा गोंगाट कमी केला तर फरक पडतो. ‘मला घरी जायचे आहे’ असा धोशा लावलेल्या माणसाला हेच घर आहे हे पटवण्यापेक्षा त्या घराविषयी दोन प्रश्न विचारले, तर तो शांत होण्याची शक्यता जास्त. एकाएकी चिडचिड वाढली, तर मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता किंवा दुखणारा दात अशी कारणे आधी शोधायची असतात, कारण दुखते आहे हे सांगण्याची भाषाच त्याच्याजवळ उरलेली नसते. हे सगळे घरच्यांनी स्वतःच्या अनुभवातून, चुकतमाकत शिकावे अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे, आणि गोव्याचा प्रयोग सांगतो की तशी गरजही नाही.

म्हणून प्रगतीला हातभार लावायचा तर आशा सेविका आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्या कामात हे प्रशिक्षण यावे आणि तालुक्याच्या ठिकाणी रुग्णाला दिवसभर सांभाळणारे केंद्र असावे, अशी मागणी ज्येष्ठ नागरिक संघांनी आणि ग्रामसभांनी लावून धरायला हवी. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून या विषयावर काम करते आहे, आणि ज्येष्ठांसाठी केंद्र सरकारची १४५६७ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. ज्यांना संशोधनात सहभागी व्हायचे आहे, त्यांनी ती चाचणी भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीमध्ये नोंदलेली आहे का, हे संकेतस्थळावर पाहून घ्यावे. रुग्णाची आणि त्याची काळजी घेणाऱ्याची समजून-उमजून दिलेली संमती आवश्यक असते, ती केव्हाही मागे घेता येते, आणि सहभागी करून घेण्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर त्या वाटेला जाऊ नये. निरोगी जोडीदारांचीही अशा अभ्यासांना तुलनेसाठी गरज असते.

एका बाबतीत मात्र कायदा अजून या आजाराला पुरा पडत नाही, आणि निदान होताच कुटुंबाने त्याची दखल घ्यायला हवी. अनेक जण वडिलांकडून सर्वसाधारण मुखत्यारपत्र करून घेतात आणि निश्चिंत होतात. पण भारतीय करार कायद्यानुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते मुखत्यारपत्रही संपुष्टात येते, म्हणजे गरज सर्वांत जास्त असते त्याच वेळी ते निरुपयोगी होते. त्यानंतर बँकेतील पैसे रुग्णाच्या उपचारांसाठी वापरायलाही पालक म्हणून नेमणूक मागत उच्च न्यायालयात जावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाने अशा याचिकांवर पत्नीला किंवा मुलांना पालक नेमल्याची उदाहरणे आहेत, पण वेळ आणि खर्च दोन्ही मोजावे लागतात. त्यापेक्षा निर्णयक्षमता शाबूत असतानाच बँक खाते संयुक्त करणे, नॉमिनी नोंदवणे आणि मृत्युपत्र करणे ही कामे रुग्णाच्या स्वतःच्या इच्छेने उरकावीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार मानसिक आजारासाठी आपल्यावर कोणते उपचार व्हावेत किंवा होऊ नयेत याचे लेखी पूर्वनिर्देश देता येतात आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधीही नेमता येतो. ही कागदपत्रे करताना वकिलाच्या जोडीला डॉक्टरांकडून त्या दिवशीच्या निर्णयक्षमतेचे प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे पुढे कोणी शंका काढली तर रुग्णाने स्वतः दिलेला शब्द ग्राह्य धरला जाईल.